मदत हवी आहे: तक्रार पोलिसांविरुद्ध, चौकशी त्याच ठाण्याकडे. भेदभाव दाखवायचा कसा?

अर्जनवीस_तापीकाठ:
नमस्कार मंडळी. मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी तहसीलसमोर बसून अर्ज लिहून देतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. वारस नोंद, रेशन कार्ड, सातबाऱ्यातली दुरुस्ती ही रोजची कामं. या प्रकरणात मात्र अडलोय.

जवळच्या एका गावाबाहेर पारध्यांची वस्ती आहे. आमच्याकडे केळीच्या बागांमधून मोटारीची केबल चोरीला जाते, आतल्या तांब्यासाठी. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. ऐन मे महिन्यात पाणी चुकलं तर बाग हातची जाते. पण केबल कुठलीही जावो, पहिली गाडी वस्तीवर. पोरांना उचलायचं, दिवसभर ठाण्यात बसवून ठेवायचं, अंधार पडला की सोडायचं. नोटीस नाही, अटक नाही, कागद म्हणून काही नाही. वस्तीतली एक आजी म्हणाली, "चोरी कोठेबी होवो, गाडी आमनाच दारले येस."

एसपी ऑफिसला अर्ज दिला, पोच आहे. तो डीवायएसपींकडे (पोलीस उपअधीक्षकांकडे) गेला आणि तिथून फिरत त्याच ठाण्यात आला. ज्या हवालदाराविरुद्ध तक्रार, त्याच्या शेजारच्या टेबलावर जबाब घेतले! मग पत्र आलं: संशयितांकडे नियमानुसार विचारपूस केली, आरोपात तथ्य आढळले नाही, अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे बंद.

एकेक दिवस सुटा घेतला तर साहेबांकडे उत्तर तयार असतं. "खबर होती", "स्वतःहून आले होते". खोट दिसते ती सगळे दिवस शेजारी मांडल्यावर. चोरीचं तांबं शेवटी भंगारात जातं ना? त्या भंगारवाल्याच्या दारात गाडी गेलेली कुणी पाहिली नाही. हे चौकशीत मांडायचं कसं? आणि ठाण्याबाहेरचं कोणी तपासतं का?

कोर्टाची_पायरी:
दादा, तपासतं. पोलीस सुधारणांवरच्या सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर पोलीस तक्रार प्राधिकरणं आली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ती घेतली. राज्याचं प्राधिकरण मुंबईत आहे. नियम न पाळता अटक करणं किंवा ताब्यात ठेवणं हा त्यांच्या कक्षेतला विषय आहे. म्हणून अर्जात नुसतं "भेदभाव करतात" लिहू नका. "अमुक तारखेला अमुक वेळेपासून नोंद न करता ठाण्यात बसवून ठेवले" असं लिहा. भेदभाव त्याच्या पाठोपाठ येऊ द्या.

दुसरं, पारधी आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ बघा. या कायद्याने नेमून दिलेल्या कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला त्यात शिक्षा आहे. पण गुन्हा दाखल व्हायला प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, आणि गाडी अडते ती तिथेच. तो लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हे कलम लागत नाही, हेही आधी पाहून घ्या.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. आणि ऑक्टोबर २०२४ चा, तुरुंगातल्या जातिभेदावरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल जोडा. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं त्यात पोलिसांना बजावलंय. या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, तरी काही साहेबांच्या डोक्यातून जायचाय.

निवृत्त_खाकी:
मी खात्यात होतो, म्हणून थोडं कडू बोलतो. चौकशी अधिकारी अर्जात तारीख, वेळ आणि कर्मचारी शोधतो. ते नसलं की "मोघम आरोप" लिहून मोकळा. सगळेच जातीवरून धरतात असं मी म्हणणार नाही. वरून डिटेक्शनचा, म्हणजे गुन्हे उघडकीस आणण्याचा तगादा असतो, आणि वस्ती जवळ असते, वकील करणारी नसते.

माहिती अधिकारात मागा: त्या काळातल्या केबलचोरीच्या गुन्ह्यांची तारीख व गावनिहाय यादी, त्या दिवसांच्या स्टेशन डायरीच्या (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीच्या) नोंदी, किती जणांना नोटीस देऊन बोलावलं त्याची संख्या आणि तुमच्या अर्जाचा चौकशी अहवाल. तपास सुरू असल्याचं कारण देऊन नकार आला तर पहिलं अपील करा. डायरीत नोंदच नसेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा समजा, कारण माणूस ठाण्यात आला आणि डायरीत नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

त्याआधी आजच सीसीटीव्हीसाठी अर्ज टाका. सुप्रीम कोर्टाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यातलं फुटेज अठरा महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायचं असतं. "या तारखांचं फुटेज जपून ठेवा" असं लेखी दिलं नाही तर कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद होता असं कळतं. आणि चौकशी दुसऱ्या उपविभागाकडे द्या, अशी मागणी नाशिक परिक्षेत्राच्या आयजींकडे (विशेष पोलीस महानिरीक्षकांकडे) रजिस्टर पोस्टाने करा.

अर्जनवीस_तापीकाठ:
आभारी आहे दोघांचा. तारखा जुळवायला बसतो. गावात खेळांचे सामने भरलेले दिवस, आठवडे बाजार आणि पोरांच्या मजुरीच्या हजेऱ्या यावरून वस्तीतल्या लोकांना बऱ्याच आठवतात. एकच शंका: सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांचा एक सामूहिक अर्ज करू की वेगवेगळे?

कोर्टाची_पायरी:
वेगवेगळे, प्रत्येकाच्या स्वतःच्या तारखांसह. सामूहिक अर्जातले दोघे दबावाखाली फिरले की अख्खा अर्ज संशयात येतो. वर एक रकान्यांचा तक्ता लावा: चोरी कुठे, कधी, कुणाला नेलं, किती वाजता, कधी सोडलं, पुढे गुन्ह्यात नाव आलं का. शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच राहील, तो तसाच रिकामा जाऊ द्या.