मुलगी टोरांटोत दीनचं (आपल्या इस्लाम धर्माचं) सेमिनार करते, हे नेमकं काय असतं?

डिचोलीची_बाई
सगळ्यांना सलाम, नमस्कार. मराठी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेय. मुलगी टोरांटोला असते. मे महिन्यात आली तेव्हा बॅगेतून एक जाड स्पायरल वही काढली, अल-मगरिब इन्स्टिट्यूट नावाच्या इस्लामी शिक्षण संस्थेची. छापील मजकुरात मधेमधे रिकाम्या रेघा, त्या तिने हिरव्या शाईने भरलेल्या. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार हॉलमध्ये वर्ग, वर परीक्षा. आणि हे सगळं फी भरून!

आमच्या वेळी रेहलवर (लाकडी घोडीवर) कुरआन ठेवून डोलत डोलत नाझिरा, म्हणजे अर्थाशिवाय नुसता, वाचायचा. अर्थ विचारला की छडी. दिवसातून पाच वेळा नमाजात मी जे म्हणत होते त्याचा अर्थ मला चाळिशीत कळला, तोही मराठी अनुवादातून. त्यामुळे वही बघून खरं सांगायचं तर हेवाच वाटला.

पण घरात खडाजंगी. नमाजात रुकूला जाताना, म्हणजे कमरेत वाकताना, लेकीने दोन्ही हात उचलले. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपताच आमच्या ह्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" आम्ही हनफी पंथाचे, आमच्यात तिथे हात उचलत नाहीत. तर हे शिक्षण म्हणायचं की नुसता कार्यक्रम? आणि, जरा लाजतच विचारते, एकसष्टाव्या वर्षी मला घरबसल्या जमेल का?

वास्को_ते_स्विंडन
बाई, सलाम. पोर्तुगीज पासपोर्टवर इथे इंग्लंडात आलो, वेअरहाउसमध्ये नाइट करतो. लंडनला जाऊन दोन सेमिनारं केली. मुहम्मद अल-शरीफ म्हणून कॅनडातले, मदिनेच्या इस्लामी विद्यापीठातून शिकून आलेले, त्यांनी २००१ च्या सुमारास हे अल-मगरिब काढलं. मगरिब म्हणजे पश्चिम, म्हणून ते नाव. सुरुवातीला एक विषय दोन वीकेंडांत संपवायचे, म्हणजे सोमवारी माणूस ड्युटीवर हजर. गावागावच्या विद्यार्थ्यांचे 'कबिले' असतात, कबिल्याकबिल्यांत चुरस. मुख्य म्हणजे सगळं इंग्रजीत. इथल्या मशिदीत उर्दू बयान (प्रवचन) चालू झालं की माझा पोरगा बुटांची लेस सोडतो-बांधतो. तिथे मात्र त्याने हात वर करून प्रश्न विचारला.

फोंड्याचा_मुदर्रिस
बाई, तीन दिवसांत कोणी आलिम (धर्मपंडित) होत नाही. लखनौच्या मुल्ला निजामुद्दीनांच्या नावाने १८ व्या शतकापासून चालत आलेला मदरशांचा अभ्यासक्रम, दर्स-ए-निजामी, आजही साधारण आठ वर्षं खातो. सेमिनार म्हणजे नोकरदारांची तोंडओळख, तेवढं समजून बसलं तर उत्तम.

हात उचलण्याबद्दल साहेबांना सांगा, कोकणातले शाफई पंथाचे भाऊ रोज उचलतात. नवीन काही नाही. पण मदिनेचं विद्यापीठ, १९६१ चं (गोव्याची मुक्ती झाली तेच साल), तिथून शिकून आलेल्यांचा कल पुष्कळदा सलफी असतो. थेट हदीस (पैगंबरांची वचनं) दाखवतात, घरचा मजहब, म्हणजे हनफी-शाफई असा पंथ, बाजूला राहतो. अल-मगरिबमध्ये बरीच वर्षं शिकवलेले यासिर काझी ह्यूस्टनचे केमिकल इंजिनिअर, मग मदिना, मग येलची डॉक्टरेट. पुढे त्यांनीच सलफी छाप सोडली. तेव्हा लेकीशी भांडू नका, हनफी फिकहचं (धर्मनियमांचं) एखादं पुस्तकही तिच्या हाती द्या.

साखळीकर७८
बाई, तिसरीत तुम्ही माझे कान पिळून तेराचा पाढा करून घेतलात. परीक्षा द्याच, पेपर मी तपासतो. 😄

डिचोलीची_बाई
साखळीकर, कान अजून जागेवर आहेत ना?

मुदर्रिससाहेब, शाफईंचं ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मग रत्नागिरीची बायको करायला हवी होती." पण दुसऱ्या दिवशी लेकीच्या शेजारीच मुसल्ला (नमाजाची चटई) अंथरला, तेवढं पुरे.

परत गेल्यावर फोनवर लेक म्हणाली ऑनलाइन असतं, पण आधी इंग्रजी झेपतं का ते ऐकून बघ. तिथले सकाळचे दहा म्हणजे सध्या आपले संध्याकाळचे साडेसात. मगरिबची (सूर्यास्ताची) नमाज पढून, भात लावून बसता येईल. अडचण एकच, पावसात आमच्याकडे नेमकी त्याच वेळेला वीज जाते. डिचोलीत कोणी बरा इन्व्हर्टर बसवून देणारा माहीत असेल तर कळवा.