"खोलीत ठेवून पाहा" या बटनाने विक्री खरंच वाढते का?

रंधा

माझं फर्निचरचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. माल परत का येतो याची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. त्यात "तुटलेलं निघालं" ही नोंद फार कमी. "वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आहे" आणि "फारच लहान आहे" या दोन नोंदींनी पानंच्या पानं भरली आहेत. मापं आम्ही लपवत नाही. लांबी, रुंदी, उंची, सगळं वस्तूच्या पानावर असतं आणि लोक ते वाचतातही. पण 45 सेंटिमीटर खोल कपाट भिंतीला लावल्यावर शेजारचं दार पूर्ण उघडेल का, हे आकडा वाचून डोळ्यांसमोर येत नाही.

एका ग्राहकाने पुस्तकांची मांडणी मागवली. पोचल्यावर त्याने फोटो पाठवला. मांडणी खिडकीच्या चौकटीवर दोन बोटं चढलेली, पडदा मागे अडकलेला. मांडणीत काडीचाही दोष नव्हता. जाण्याचं भाडं मी भरलं होतं, परत येण्याचंही मीच भरलं.

त्यानंतर निवडक वस्तूंना "खोलीत ठेवून पाहा" हे बटन लावलं. बटन दाबलं की फोनचा कॅमेरा सुरू होतो, जमीन ओळखतो आणि वस्तू खऱ्या मापात तिथे उभी राहते. हीच ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे एआर. 2017 साली अ‍ॅपलचं एआरकिट, म्हणजे आयफोनवर एआर बनवायचं साधन आलं, तेव्हा आयकियाने सुमारे 2000 वस्तूंचं वेगळं अ‍ॅप काढलं. अ‍ॅमेझॉननेही त्याच वर्षी अशी सोय दिली. तेव्हा ते मोठ्यांचंच काम होतं. आता ग्राहकाला अ‍ॅप उतरवावं लागत नाही, ब्राउझरमधूनच भागतं, म्हणून माझ्यासारख्यालाही जमलं.

माझं मत असं, की एआरने विक्री वाढते ती ग्राहकाच्या मनातली धाकधूक जाते म्हणून. शिवाय विकलेला माल विकलेलाच राहतो, आणि माझ्या लेखी खरी वाढ ती. व्हीआरवर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून पूर्ण आभासी जगात जाण्याच्या सोयीवर, मात्र मी काही खर्च करणार नाही. 2016 मध्ये ईबेने ऑस्ट्रेलियातल्या मायर या दुकानसाखळीबरोबर व्हीआर डिपार्टमेंट स्टोअर काढलं, त्याच वर्षी अलीबाबाने बाय प्लस ही व्हीआर खरेदीची सोय आणली. एवढा पैसा आणि एवढं नाव असूनही डोक्यावर हेडसेट चढवून खरेदी करायची सवय लोकांना लागली नाही.

तुमचा अनुभव काय? विरोधी मत असेल तर ते आधी लिहा.

आकडेमोड

मग मीच सुरुवात करतो. व्हीआरबद्दल सहमत, एआरबद्दल नाही.

एआर विकणारे सगळे एकच आकडा तोंडावर फेकतात. ऑनलाइन दुकानं चालवायची सोय देणाऱ्या शॉपिफायने म्हटलं होतं की ज्या वस्तूंना थ्रीडी किंवा एआर जोडलेलं आहे, त्यांच्या बाबतीत पाहणाऱ्याचं खरेदीदारात रूपांतर होण्याचं प्रमाण 94 टक्क्यांनी जास्त आहे. आकडा त्यांनीच प्रसिद्ध केलेला आहे, खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण थोडा विचार करा. कुठलं दुकान कुठल्या वस्तूचं थ्रीडी मॉडेल करून घेतं? जी वस्तू आधीच चांगली चालते तिचं. आणि बटन कोण दाबतं? सहज चाळत बसलेला माणूस उठून कॅमेरा घेऊन भिंतीपाशी जात नाही. जो उठतो त्याचं घ्यायचं जवळपास ठरलेलं असतं. तो बटनाशिवायही घेणारच होता. बटनाने त्याला घ्यायला लावलं, हे सिद्ध कसं करणार?

सिद्ध करायचा एकच रस्ता आहे. येणाऱ्यांपैकी निम्म्यांना बटन दाखवा, निम्म्यांना दाखवूच नका, आणि कुणाला दाखवायचं ते नशिबावर सोडा. मग दोन्ही गटांतल्या सगळ्यांची तुलना करा, फक्त बटन दाबणाऱ्यांची नको. तुम्ही हे केलं आहे का?

दुसरी गोष्ट. स्नॅपचॅट चालवणाऱ्या स्नॅपने 2023 च्या मार्चमध्ये दुकानांना एआर पुरवणारा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि त्याच सप्टेंबरमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. कॅमेऱ्यावरच उभी असलेली कंपनी अर्ध्या वर्षात हात वर करते, तर छोट्या दुकानाने यात पडावं का? नाकापेक्षा मोती जड व्हायचा. त्यापेक्षा वस्तूशेजारी माणूस उभा करून एक फोटो काढा. मापाचा अंदाज त्यानेही येतो.

जाळीदार

मी याच दुकानांसाठी थ्रीडी मॉडेल बनवते. त्यामुळे माझा कल कुठे असेल ते उघड आहे, तरी आकडेमोड यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. वाईट मॉडेल लावण्यापेक्षा न लावलेलं बरं. कारण सांगते.

एकदा एका स्टूलाची फाइल तपासायला आली. फोनवर उघडली तर पडदा तपकिरी झाला, बस, बाकी काही दिसेना. वर मान केली तेव्हा कळलं की मी स्टूलाच्या पायाशी उभी आहे आणि बैठक पार छताच्या वर गेली आहे. बनवणाऱ्याने मापं सेंटिमीटरमध्ये धरली होती आणि जीएलटीएफ या फाइलप्रकारात एकक मीटर असतं. 45 सेंटिमीटरचं स्टूल 45 मीटरचं झालं होतं. ही चूक निदान लगेच दिसते. जीवघेणी चूक ती, जिच्यात वस्तू पाच-सात टक्क्यांनी लहान असते. ती कुणालाच दिसत नाही. ग्राहक पडद्यावर पाहून खात्री करतो, माल मागवतो आणि मग तो बसत नाही. अशा वेळी तुमच्या बटनानेच त्याला फसवलेलं असतं. निम्म्या वेळा माप चुकतं ते दुकानदाराने फोटोवरून अंदाजाने दिलेलं असतं म्हणून.

कॅमेऱ्याच्याही मर्यादा आहेत. फोन जमीन ओळखतो ती तिच्यावरच्या ठिपक्या-रेषांवरून. सतरंजी, लाकडाच्या रेघा, फरशीचे सांधे असले की झटकन पकडतो. चकचकीत पांढरी फरशी किंवा कोरी भिंत असली की त्याला धरायला काहीच नसतं. वस्तू तरंगते, सरकते, कधी जमिनीत रुतते. आयफोन 12 प्रोपासून काही फोनांत लायडार, म्हणजे प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर आला, त्याने हे बरंच सुधारलं, पण तसा फोन प्रत्येकाकडे नसतो. म्हणून मी ग्राहकांना आधी दिवे लावायला आणि जमिनीवर एखादं मासिक टाकायला सांगते.

माणूस उभा केलेल्या फोटोबद्दल: चांगला उपाय आहे, जरूर करा. पण फोटोतला माणूस ग्राहकाच्या खिडकीशेजारी उभा नसतो.

दोन_काचा

मी विकणारी नाही, घेणारी आहे. चष्म्याच्या एका ऑनलाइन दुकानात चेहऱ्यावर फ्रेम लावून पाहिली. इतकी छान दिसत होती की दोन दिवस थांबायचा संयम राहिला नाही. आली तेव्हाही दिसायला तशीच होती, रंगसुद्धा जुळला. पण तासाभरात कानामागे दुखायला लागलं आणि खाली वाकलं की नाकावरून घसरायची. परत केली.

पडद्याने मला खोटं काही दाखवलं नाही, पण वजन आणि पकड तो दाखवूच शकत नाही. मी मात्र डोळ्यांना पटलं म्हणून इतर काही विचारलंच नाही. एरवी मी दांडीची लांबी पाहिली असती, नाकाच्या पुलाचं माप पाहिलं असतं. त्या सुंदर चित्राने माझी चौकशीच थांबवली.

नंतर याविषयी वाचलं. साध्या कॅमेऱ्याला जवळचा लहान चेहरा आणि लांबचा मोठा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून काही दुकानं बँकेचं कार्ड कपाळाला लावायला सांगतात. कार्डाची रुंदी जगभर 85.60 मिलिमीटरच असते, त्यावरून ते माप काढतात. 2017 च्या आयफोन टेनमध्ये खोली मोजणारा पुढचा कॅमेरा आला आणि 2019 मध्ये वॉर्बी पार्कर या चष्म्याच्या कंपनीने त्यावर फ्रेम लावून पाहायची सोय केली. माझ्या दुकानाने यातलं काहीच केलं नव्हतं, नुसतं चित्र चेहऱ्यावर चिकटवलं होतं. दोन्हींना नाव एकच, "ट्राय ऑन". ग्राहकाने फरक कसा ओळखायचा?

दूरदर्शी

सगळ्यांनी व्हीआरला एका वाक्यात निकालात काढलं, म्हणून लिहितोय. स्टूल घ्यायला हेडसेट नको, मान्य. पण अख्खं स्वयंपाकघर करून घ्यायचं असेल तर? ओट्याची उंची, वरच्या कपाटाचं दार डोक्याला लागतं का, दोन माणसं एकमेकांना न धडकता वावरतील का, हे फोनच्या वीतभर पडद्यात कळत नाही. त्यासाठी आत उभं राहावं लागतं. लोज या अमेरिकन साखळीने 2014 मध्येच होलोरूम नावाने हे सुरू केलं. मेसीज या अमेरिकन दुकानसाखळीने 2018 मध्ये फर्निचर विभागांत हेडसेट ठेवले आणि जाहीर केलं की व्हीआर वापरणाऱ्यांची एकूण खरेदी इतरांपेक्षा 60 टक्क्यांहून जास्त झाली आणि परत येणारा माल 2 टक्क्यांच्या खाली आला. रंधा साहेब, तुमच्या वहीतला प्रश्न तर इथे थेट सुटलेला दिसतो.

आकडेमोड

दूरदर्शी, उदाहरण चांगलं आहे, पण ते दुकानातलं आहे. तिथे हेडसेट दुकानाचा, चढवून देणारा विक्रेता शेजारी उभा, आणि बसणारा माणूस फर्निचर घ्यायलाच घराबाहेर पडलेला. अशा माणसाची खरेदी मोठी निघणारच. त्यात व्हीआरचा वाटा किती आणि मदतीला उभ्या असलेल्या विक्रेत्याचा किती, हे वेगळं करता येत नाही.

ऑनलाइन दुकानात हेडसेट ग्राहकाकडे असावा लागतो. गूगलने डेड्रीमचा हेडसेट 2019 मध्ये बंद केला. 2024 मध्ये आलेला अ‍ॅपलचा व्हिजन प्रो हा हेडसेट 600 ग्रॅमच्या पुढे भरतो. कपाट पाहायला एवढं ओझं डोक्यावर कोण घेईल? स्वयंपाकघराच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. आयुष्यात एक-दोनदाच होणाऱ्या मोठ्या कामाला ते लागू पडत असावं.

उंबरठा

विक्री वाढते की नाही यावर एवढं चाललं आहे, पण ग्राहक यात काय देतो ते कुणीच बोललं नाही. चष्मा किंवा लिपस्टिक लावून पाहताना चेहऱ्याची भूमिती मोजली जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 2008 पासून कायदा आहे: लेखी परवानगीशिवाय ती घेतली तर ग्राहक स्वतः कोर्टात जाऊ शकतो. निष्काळजीपणा असेल तर भरपाई 1000 डॉलर, जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलं असेल तर 5000 डॉलर. अशा "लावून पाहा" सोयींवर तिथे खटले झाले आहेत. 2024 मध्ये दुरुस्ती झाली आणि भरपाईची मोजणी दर स्कॅनमागे न होता दर माणशी झाली, तरी कायदा उभाच आहे.

आणि खोली? माझ्या खोलीत औषधं असतात, मुलांचे फोटो असतात, दाराचं कुलूप असतं. रंधा, तुमचं बटन दाबल्यावर हे सगळं कुठे जातं? कृपया नेमकं सांगा.

रंधा

नेमकं सांगतो. माझं बटन फोनमध्येच असलेला दर्शक उघडतो, अँड्रॉइडवर सीन व्ह्यूअर आणि आयफोनवर क्विक लुक. माझं पान त्याला फक्त मॉडेलची फाइल देतं. कॅमेऱ्याला काय दिसतं ते माझ्या पानाकडे येत नाही. पण हे मी ग्राहकांना कुठेच लिहून सांगितलेलं नाही, ही माझी चूक. आज रात्रीच बटनाखाली तशी ओळ टाकतो.

दोन_काचा ताई, तुमचा अनुभव वाचून मी माझी पानं उघडून पाहिली. बटन लावल्यावर मापांचा तक्ता मी खाली ढकलला होता, पान सुटसुटीत दिसावं म्हणून. म्हणजे तुमची चौकशी जशी थांबली तशी मीही इतरांची थांबवत होतो. तक्ता पुन्हा वर घेतो.

आकडेमोड, नाही. निम्म्यांना दाखवून निम्म्यांना न दाखवण्याचा प्रयोग मी केलेला नाही. माझ्या वहीत त्या नोंदी कमी झाल्या आहेत, पण त्याच काळात मी फोटोही बदलले होते. त्यामुळे श्रेय कुणाचं हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरी एक सांगतो. जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये 2022 साली सौंदर्यप्रसाधनांच्या एका विक्रेत्याच्या खऱ्या नोंदींवरचा अभ्यास आला होता. त्यात एआरचा फायदा जास्त दिसला तो कमी खपाच्या ब्रँडना, महाग वस्तूंना, आणि ऑनलाइन खरेदीला किंवा त्या प्रकारच्या वस्तूला नवखे असलेल्यांच्या बाबतीत. धाकधूक जिथे जास्त, फायदा तिथे जास्त. चालत्या मालालाच मॉडेल करायचं, ही आम्हा दुकानदारांची सवयच मग उलटी ठरते. मीही तेच केलं होतं. खपत नव्हतं म्हणून तिरक्या पायांच्या स्टूलाचं मॉडेल केलं नाही, आणि वहीत "वाटलं त्यापेक्षा जागा जास्त खातं" ही नोंद त्याच्याच नावावर सर्वाधिक आहे.

आकडेमोड

मग प्रयोग त्याच स्टूलावर करा. एक सावधगिरी घ्या: परत येणारा माल मुळात थोडा, त्यामुळे महिनाभरात काही कळणार नाही. दोन-चार परतींच्या फरकावरून निष्कर्ष काढू नका. वर्षभर चालू द्या, फोटो बदलू नका, आणि विक्री मोजताना परत आलेला माल वजा करूनच मोजा. बटन लावलेल्यांमध्ये हा निव्वळ आकडा वर आला तर मी इथेच येऊन मत बदललं म्हणून लिहीन.

रंधा

कबूल. जाळीदार, तुम्ही कराल का ते मॉडेल?

जाळीदार

करते. मापं टेपने घेऊन पाठवा, फोटोवरून नको. पाय तिरके आहेत म्हणून त्यांच्यामधलं अंतर बैठकीखाली घेऊ नका, जमिनीलगत बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्या. जागा तिथेच खाल्ली जाते.