वरच्या पापणीत धोका नाही?

पापण्यांच्या ऑपरेशनबद्दल ऐकलेलं "वरच्या पापणीचं काय, लोंबती कातडी कापली की झालं, खरा धोका खालच्या पापणीला" हे निम्मंच पटलं. खालची पापणी बाहेर ओढली जाऊ शकते, म्हणून तर बरेच सर्जन तिथली चरबी पापणीच्या आतल्या बाजूने काढतात. पण वरची कातडी जास्त गेली तर डोळा पुरता मिटत नाही, झोपेत बुबुळ कोरडं पडतं आणि कापलेलं परत लावणं सोपं नसतं. भुवई आणि पापणीचे केस यांच्यात निदान 20 मिमी कातडी उरावी, असा ढोबळ नियम आहे. आत्याच्या वेळी डॉक्टरांनी तिला बसवूनच खुणा केल्या, कारण आडवं झालं की भुवई सरकते. चिमट्याने कातडी धरून पापणीचे केस जेमतेम वर उचलले जाईपर्यंतच माप घेतलं. (आत्या सवयीने भुवया ताणून बसलेली, त्या आधी सैल सोडायला लावल्या!)

आणखी एक, ऑपरेशननंतर एकाच डोळ्यात जोराचा ठणका, डोळा पुढे आल्यासारखा, अंधुक दिसणं असं झालं तर गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. डोळ्यामागे रक्त साचत असू शकतं. क्वचितच होतं, पण नजर जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तेही ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका.