प्रादेशिक इतिहास म्हणजे गल्लीचा इतिहास?

गोदाकाठचा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की एम.ए.ला 'आधुनिक जग' घ्या, नाशिकचा इतिहास म्हणजे गल्लीचा इतिहास, जॅक्सनचा खून आणि काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह पाठ केला की पेपर सुटला. अहो, जॅक्सनचंच घ्या ना. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल, आणि ते आलेलं लंडनहून, सावरकरांकडून. पुढे सावरकरांना लंडनमध्ये अटक, ८ जुलै १९१० ला फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात बोटीतून उडी, फ्रान्सच्या भूमीवर ब्रिटिशांना ताबा मिळालाच कसा यावरून वाद, आणि फेब्रुवारी १९११ मध्ये हेगच्या लवादाचा निकाल ब्रिटनच्या बाजूने. १९०४ चा ब्रिटन-फ्रान्स समझोता न वाचता यातलं काय कळणार? गल्ली म्हणे!

सातपूरवाला: पोस्ट माझीच, नाव घेऊन बोला की. उदाहरण झकास आहे, पण लघुप्रबंध उघडून बघा: नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं सरकारी गॅझेटिअर, क्रांतिकारकांच्या चळवळीवरचा १९१८ चा रौलट समितीचा अहवाल, संपलं. दोन्ही साहेबाच्या सोयीने लिहिलेले. त्यांचं मराठी केलं की झालं संशोधन! १९२९ ची मंदी समजावता येत नाही, १९३० चा सत्याग्रह मात्र तोंडपाठ.

येवलेकर: दोष विषयाचा नाही, पेपर तोडण्याचा आहे. कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे २ मार्च १९३०, काळाराम. दहाच दिवसांनी दांडी यात्रा. उजवीकडे नोव्हेंबरात लंडनची गोलमेज परिषद: बाबासाहेब तिकडे, इकडे दादासाहेब गायकवाड लढा रेटताहेत. खाली १३ ऑक्टोबर १९३५, येवल्याची धर्मांतराची घोषणा. गोलमेज एका पेपरात, काळाराम दुसऱ्यात, म्हणून तारखा शेजारी येतच नाहीत. बाबासाहेबांची गायकवाडांना लिहिलेली पत्रं छापील मिळतात, तिथून सुरुवात करा.

बोरू-टाक: सगळं छापील आणि इंग्रजी! गावोगावच्या कुलकर्णी दप्तरांत मोडी पडलीय, ती कोण वाचणार?

सातपूरवाला: आले मोडीवाले. साहेब, विषय आधुनिक काळाचा आहे. १८१८ नंतरचे इंग्रजी कागद पुरेत.

बोरू-टाक: पुरेत? १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने इनाम जमिनींचे हक्क तपासले ते कशावरून? जुन्या सनदांवरून. त्या मोडीत, आणि सनही आपल्या ओळखीचा नाही. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: शुहूर सन ११६१, जुन्या मराठी कागदांतला अरबी आकड्यांचा सन. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ५९९ मिळवलेत तर जानेवारी १७६१ चं पानिपत वर्षभर आधीच होऊन जातं. त्यात वर्ष सौर आणि महिने चांद्र, म्हणून जमादिलाखर महिना दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतो. इथे चुकलात की इनाम कुणाच्या कारकिर्दीतलं तेच बदललं, मग तुमचं इंग्रजी टिपण काय कपाळ तपासणार?

गोदाकाठचा: भाऊ, धागा कुठे चाललाय?

बोरू-टाक: जायला हवा तिथेच. मोडीत आधी शिरोरेषा ओढून घेतात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. पेशवेकालीन वळणापासून शिका, बोरूच्या लेखणीचं अक्षर सुबक असतं. इंग्रजी अमलातलं टाकाने, म्हणजे निबाच्या लेखणीने, घाईत लिहिलेलं, तिथे भले भले अडखळतात. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिप्यंतर सोबत छापलेली पत्रं घ्या, लिप्यंतर झाका, ओळ वाचा, मग ताडून पाहा.

सातपूरवाला: बरं बाबा, इनामापुरती मोडी मान्य. आता चार सत्रांत जग, भारत, महाराष्ट्र, लघुप्रबंध आणि वर तुमचा बोरू कसा बसवायचा तेही सांगून टाका.

येवलेकर: पहिल्या सत्रातच विषय ठरवायचा: एक तालुका, दहा वर्षं, एकच प्रश्न. विभागाचं पत्र घेऊन मुंबईच्या पुराभिलेखागारात जायचं आणि टिपताना विभाग, वर्ष, खंड, पान तिथल्या तिथे लिहायचं. नंतर लिहू म्हणणाऱ्याच्या तळटिपा कायम लंगड्या.

सातपूरवाला: म्हणजे 'नाशिक जिल्ह्यातील स्वातंत्र्यलढा, १८५७ ते १९४७' हे शीर्षक बाद?

येवलेकर: पहिल्या फटक्यात.

सातपूरवाला: चला, एवढ्यावर तरी आपलं जमलं. गल्ली मात्र मी मागे घेत नाही.