मदत हवी आहे: प्युअर डेटामध्ये घुमट वाजवायचाय, पण मुळात आवाजच येत नाही

रानभेंडी
नमस्कार. कॉम्प्युटरवर शून्यातून आवाज तयार करायला शिकतेय, प्युअर डेटावर (खोकी तारांनी जोडून आवाज बनवायचं फुकट सॉफ्टवेअर). घुमट करायचाय, आपलं गोव्याचं मडक्याला कातडं लावलेलं वाद्य. ऑस्क~ (सूर काढणारं खोकं) घेतला, त्याला एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) दिला, डॅक~ला (स्पीकरकडे पाठवणारं खोकं) जोडला. ढिम्म. व्हिडिओतल्या माणसाने हेच केलं आणि त्याचा ढुम् ढुम् वाजला. माझं सगळं त्याच्यासारखंच आहे, दोनदा बघितलं. स्पीकर चालू आहेत, कृपया तो प्रश्न नको. गणेश चवथीच्या आधी हवंय, एकदा चवथ आली की घरात लॅपटॉप उघडू देणार नाहीत. लवकर सांगा प्लीज.

टिल्डेश्वर
विंडोज की लिनक्स? पीडीचं (प्युअर डेटाचं) व्हर्जन कुठलं? मुख्य खिडकीत डीएसपीच्या, म्हणजे आवाज चालू करायच्या, चौकटीत टिक आहे का? एन्व्हलप दिला म्हणजे नक्की काय दिलं? मेसेज बॉक्समध्ये काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

कॅसेटकाका
ताई, गोव्यात राहून घुमट कॉम्प्युटरवर बनवायचा? कुठल्याही वाड्यावर जा, आरतीची तालीम चालू असेल. फोन समोर धरा, चार थापा रेकॉर्ड करा, संपलं. वाद्य असताना त्याची नक्कल गणिताने करायची हौस मला कधी कळली नाही.

रानभेंडी
@टिल्डेश्वर विंडोज. डीएसपी चालू आहे. मीडिया मेनूत ऑडिओ टेस्ट असते, तिच्यात टूं वाजतो. म्हणजे कार्ड-बिर्ड ठीक आहे.
@कॅसेटकाका रेकॉर्डिंग नकोय. कारण आहे.

जुना_रेडिओ
तुमचा पायाच चुकतोय. एका ऑस्सिलेटरला, म्हणजे त्या ऑस्क~ला, एन्व्हलप लावून घुमट कसा होईल? ती फार तर शाळेची घंटा. यासाठी एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन) शिका. जॉन चाउनिंगने १९७३ साली निबंध लिहिला, त्या तंत्राचा यामाहाने परवाना घेतला आणि १९८३ मध्ये त्यांचा डीएक्स सेव्हन सिंथेसायझर आला. एका ऑस्क~ने दुसऱ्याची वारंवारता हलवायची. दोघांचं गुणोत्तर पूर्णांकात ठेवायचं नाही, १ : १.४ वगैरे घ्यायचं, की चामड्याचा आणि धातूचा बाज आपोआप येतो. आमच्या तरुणपणी या सगळ्यासाठी वाद्य विकत घ्यावं लागायचं, तुम्हाला फुकट मिळतंय.

टिल्डेश्वर
रेडिओसाहेब, त्यांचा एक ऑस्सिलेटर वाजत नाहीये, तुम्ही दुसरा जोडायला सांगताय.
@रानभेंडी मेसेज बॉक्समध्ये काय आहे? आणि मुख्य खिडकीत लाल अक्षरांत काही येतं का?

रानभेंडी
लाल ओळी आहेत, पण त्या नेहमीच असतात, मी लक्ष देत नाही.

टिल्डेश्वर
🙂 त्याच वाचून दाखवा.

म्हापशेकर
घुमटाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या घरच्या जुन्या घुमटाचं कातडं गेलंय. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता ते चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात घोरपड पहिल्याच अनुसूचीत आहे. शेळीचं बसवतात, पण पावसात ते ढिलं पडतं, आरती अर्ध्यावर आली की भदभद वाजतं. कोणी चांगला कारागीर सांगेल का? बार्देस तालुक्यात असल्यास उत्तम.

कॅसेटकाका
@म्हापशेकर वाजवण्याआधी थोडं शेकायचं. विस्तवापासून लांब धरून, कातडं करपवू नका. घोरपडीचा टणका मात्र शेळीत नाही, हे आमचे वडील सांगायचे.

सोलकढी
२०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, कारागीर मिळत नाहीत. असो. धागा कशाचा आहे ते बघूया मंडळी.

रानभेंडी
बरं, लाल ओळीचा अर्थ असा की सिग्नल आउटलेट (आवाज बाहेर पडायची जागा) नॉनसिग्नल इनलेटला (नुसता आकडा आत घ्यायची जागा) जोडलाय म्हणून दुर्लक्षित केला. पॅच असा आहे: ऑस्क~ १२०, तो गुणाकाराच्या डावीकडे. गुणाकाराच्या खोक्यात *~ ० असं लिहिलंय. त्याच्या उजव्या बाजूला लाइन~ (एका आकड्यावरून दुसऱ्यावर हळूहळू नेणारं खोकं). लाइन~च्या वर मेसेज: १ ५, ० ३००. मग *~ मधून डॅक~. मेसेजवर क्लिक करते, काही होत नाही. आणि सगळे मला काय शिकायचं ते सांगतायत. मला फक्त हे वाजवून हवंय.

टिल्डेश्वर
आता कळलं. दोन गोष्टी आहेत, एकीवर दुसरी बसलीय, म्हणून पहिली सोडवूनही काही ऐकू येणार नाही.

पहिली. *~ पुढचा ० काढून टाका. गुणाकाराच्या खोक्यात आकडा लिहिला की पीडी समजतं उजवीकडून साधा आकडाच येणार, सिग्नल नाही. मग लाइन~ला आत घेत नाही आणि तुमचा आवाज आयुष्यभर शून्याने गुणत बसतो. लाल ओळ तेच सांगत होती. खोक्यात नुसतं *~ ठेवा.

दुसरी मजेशीर आहे. १ ५, ० ३०० या मेसेजमधल्या स्वल्पविरामाने दोन मेसेज होतात आणि दोन्ही एकाच क्षणी निघतात. पहिला म्हणतो ५ मिलिसेकंदात १ वर जा. लाइन~ निघायच्या आधीच दुसरा येऊन म्हणतो ३०० मिलिसेकंदात ० वर जा. लाइन~ शेवटच्याचं ऐकते. शून्यावर उभी होती, शून्यावर पोचली. तीनशे मिलिसेकंद घेऊन, अगदी शिस्तीत.

लाइन~ काढून व्हीलाइन~ ठेवा आणि मेसेज असा करा: १ ५, ० ३०० ५. शेवटचा ५ म्हणजे आधी ५ मिलिसेकंद थांब, मग उतर. तोवर चढाई पूर्ण झालेली असते.

जुना_रेडिओ
लाइन~सुद्धा चालते. मेसेज १, ० ३०० असा लिहा. एकट्या आकड्याला वेळ जोडलेला नसला की लाइन~ उडी मारते, मग उतरते. मी वर्षानुवर्षं असंच करतोय.

टिल्डेश्वर
चालते, पण प्रत्येक थापेला सुरुवातीला टक् येतो, कारण आवाज ० वरून एकदम १ वर जातो. शिवाय लाइन~ची उडी ६४ नमुन्यांच्या ब्लॉकच्या हद्दीवरच पडते. सेकंदाला ४४१०० नमुने धरले तर एक ब्लॉक म्हणजे साधारण १.४५ मिलिसेकंद. व्हीलाइन~ला ती हद्द नाही. जलद ठेका वाजवाल तेव्हा फरक कळेल.

जुना_रेडिओ
त्या टक्मुळेच थाप थापेसारखी लागते. तुम्हा लोकांना सगळं गुळगुळीत हवं असतं.

अर्धवट_इंजिनीअर
टक् हवा असेल तर मुद्दाम बनवा, अपघाताने नको. नॉइज~ (नुसती खरखर) घ्या, बीपी~ ९०० ३ या गाळणीतून काढा आणि २०-३० मिलिसेकंदांचा वेगळा एन्व्हलप द्या. तो झाला तळहाताचा फटका. खालचा घुमारा वेगळा.

घुमाऱ्याबद्दल थोडं. ताणलेल्या गोल पडद्याच्या स्वरांची गुणोत्तरं १, १.५९, २.१४, २.३० अशी जातात, पूर्णांकात बसत नाहीत. म्हणून साध्या पडद्याच्या ढोलाचा नेमका सूर सांगता येत नाही. तबल्याचं वेगळं. शाईमुळे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, ते सी. व्ही. रामन यांनी १९२० साली नेचरमध्ये मांडलं. घुमटाला शाई नाही. तेव्हा तीन ऑस्क~ घ्या: समजा ११०, १७५, २३५. प्रत्येकाला वेगळी व्हीलाइन~. खालचा सगळ्यात लांब, वरचे लवकर मरू द्या. तिघांची पातळी एकच ठेवलीत तर घंटा होईल, घुमट नाही. हे आकडे पडद्याच्या हिशेबाचे, मडक्यातल्या हवेने ते सरकतात, पुढे कानाने लावा.

अजून एक. व्हीलाइन~ सरळ रेषेत उतरते, खरा आवाज तसा विझत नाही. व्हीलाइन~ची तार एका *~च्या दोन्ही इनलेटना द्या, म्हणजे तिचा वर्ग होतो. आधी झपकन खाली, मग शेपूट. एवढ्याने अर्धा घुमट झाला.

कॅसेटकाका
आणि उरलेला अर्धा? घुमटाला मागे लहान तोंड असतं, वाजवणारा डाव्या हाताने ते झाकतो, उघडतो, आणि आवाज वळवतो. ते या खोक्यांत कुठून आणणार? सुंवारीत (घुमटांच्या एकत्र वादनात) शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कांसाळें (झांज) आणि चार-पाच घुमट एकदम चालले की अंगावर येतं. त्याला ऑस्क~ म्हणायचं? माझ्याकडे जुन्या कॅसेटी आहेत, ऐकवीन.

अर्धवट_इंजिनीअर
तोंड झाकणं-उघडणं म्हणजे आतल्या हवेचा स्वर बदलणं. त्याला एक सरकपट्टी जोडा. सगळ्या ऑस्क~ची वारंवारता एकाच आकड्याने गुणा आणि तो आकडा सरकपट्टीवरून घ्या. नाहीतर थापेच्या क्षणी वरून खाली घसरवा: १८०, ११० ६० असा मेसेज लाइन~ला आणि लाइन~ ऑस्क~च्या डाव्या इनलेटला. इथे लाइन~ चालते, कारण १८० वर उडीच मारायची आहे. घुमच्या मागचा वळसा त्याने येतो.

रानभेंडी
वाजलाऽऽऽ! *~ मधला ० काढला तरी गप्प होता, मग व्हीलाइन~ टाकली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. पण उजव्या कानात काही नाही, सगळं डावीकडे. आणि तीन ऑस्क~ लावल्यावर आवाज फाटतोय.

टिल्डेश्वर
डॅक~ला दोन इनलेट असतात, डावा आणि उजवा. त्याच *~ची दुसरी तार उजव्यात टाका. फाटतोय कारण तिघांची बेरीज १ च्या वर जाते आणि त्यापुढचं कापलं जातं. शेवटी *~ ०.२ ठेवा. इथे आकडा लिहिलेला चालतो, कारण उजवीकडून सिग्नल येणार नाही. आणि हेडफोन लावून शिकत असाल तर आधी हा *~ लावा, मग बाकीचं. पीडीत चुकून मोठा आवाज निघाला तर कान जातात.

सोलकढी
उत्सुकता म्हणून विचारते. रेकॉर्डिंग का नको?

रानभेंडी
एकांकिका आहे. एका प्रसंगात वाड्यावरची घुमट आरती चालू असते आणि बोलता बोलता ती खाणीवरच्या यंत्राच्या धडधडीत बदलते. एकदम नाही, दोन मिनिटांत, प्रेक्षकांना नेमकं कधी बदललं ते कळू नये. रेकॉर्डिंग दोन केली आणि एक बारीक करत दुसरं मोठं केलं की दोन आवाज वेगवेगळे ऐकू येतात. दिग्दर्शक म्हणतात एकच आवाज हवा. म्हणून हा उद्योग.

कॅसेटकाका
हे आधी सांगायचं ना! मग ठीक. मला वाटलं कुठल्या लग्नाच्या डीजेसाठी.

जुना_रेडिओ
मग तर एफएमच! मॉड्युलेशनचा आकडा (वारंवारता किती हलवायची तो) हळूहळू वाढवत न्या, घुमटाचं लोखंड होतं. गुणोत्तर १.४ ठेवा, आकडा शून्यापासून चढवा. दोन मिनिटांचा एकच मेसेज लाइन~ला.

टिल्डेश्वर
रेडिओसाहेब, यावेळी पूर्ण सहमत. शून्यावर असताना एफएम म्हणजे साधा ऑस्क~च, तेव्हा आधीचा पॅच मोडावा लागत नाही. मॉड्युलेटरचा (हलवणारा) ऑस्क~, त्यापुढे *~, मग +~ने मूळ वारंवारतेत मिळवा. *~च्या उजवीकडे लाइन~, आणि *~मध्ये आकडा लिहू नका, कारण कळलंच असेल. मेसेज ० असा वेगळा ठेवा, आणि दुसरा ४०० १२००००. दोन मिनिटं म्हणजे एक लाख वीस हजार मिलिसेकंद. सोबत व्हीलाइन~च्या मेसेजमधला ३००, म्हणजे विझायचा वेळ, कमी करत गेलात तर घुमारा जाऊन ठोका उरेल.

अर्धवट_इंजिनीअर
प्रयोगाच्या दिवशी लॅपटॉपवर आवाज अडखळला तर ऑडिओ सेटिंग्जमध्ये डिलेचा आकडा वाढवा. वाय-फाय बंद, अपडेट बंद. आणि चार्जर लावून चालवा, पण सभागृहाच्या साउंडमध्ये गुणगुण आली तर ती बहुतेक चार्जरची, तेव्हा बॅटरीवर या.

नवा_सभासद
हे सॉफ्टवेअर शिकून मुंबईत साउंड इंजिनीअरची नोकरी मिळते का? पगार साधारण किती?

सोलकढी
नवा_सभासद, वेगळा धागा काढा.

रानभेंडी
४०० फार झालं, मिक्सरमध्ये खोबरं अडकल्यासारखा आवाज आला. ९० वर चांगलं वाटतंय, दीड मिनिटापर्यंत घुमटच वाटतो. डाव्या-उजव्याचंही जमलं. आता चार घुमट एकदम पण थोडे मागे-पुढे वाजवायचे आहेत. पूर्ण पॅच चार वेळा कॉपी करू का?

टिल्डेश्वर
कॉपी करू नका. एका घुमटाचा पॅच घुमट.पीडी नावाने त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा. मग दुसऱ्या पॅचमध्ये नवीन ऑब्जेक्ट घेऊन त्यात नुसतं घुमट लिहा, अख्खा पॅच त्या एका खोक्यात येतो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत ठेवा. आत इनलेट आणि आउटलेट~ ठेवायला विसरू नका, आणि डॅक~ आतून काढून बाहेर एकच ठेवा. चौघांना किंचित वेगळे आकडे द्या, ११०, ११३, १०७ असे. मागे-पुढे करायला प्रत्येकाच्या आधी डिले, त्यात १० ते ३० मिलिसेकंद.

म्हापशेकर
कारागिराचं कोणी सांगितलं नाही अजून.