रेडिटला दोन दिवसांच्या बंदपेक्षा तो शिक्का जास्त झोंबला
रेडिट या गप्पा-चर्चांच्या संकेतस्थळावर विषयवार समूह असतात आणि ते बिनपगारी नियंत्रक सांभाळतात. बाहेरच्या ॲप्सवर लादलेल्या शुल्काच्या निषेधार्थ त्यांनी जून २०२३ मध्ये दोन दिवस समूह बंद ठेवले. तो बंद फुकट गेला, जाहिरातींवर काही परिणाम झाला नाही, असं म्हटलं जातं. पहिल्या दोन दिवसांपुरतं ते पटतं. हजारो समूह कुलूपबंद होते, तरी उत्पन्नावर फारसा परिणाम दिसलेला नाही, असं प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं होतं. बंद संपायची तारीख आधीच जाहीर केली, की समोरचा निवांत वाट बघतो.

पण खरी गंमत त्यानंतर झाली आणि असं म्हणणारे ती मांडत नाहीत. काही मोठ्या समूहांच्या नियंत्रकांनी कुलूप उघडलं आणि समूहावर ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का मारला. अशा समूहांत रेडिट जाहिराती दाखवत नाही. म्हणजे वाचक आले, गप्पा रंगल्या, पण विकायला जागाच उरली नाही! यावर मात्र कंपनी लगेच हलली. काही ठिकाणी नियंत्रकांना थेट काढून टाकलं. फुकट राबणाऱ्या माणसांना असं हाकललेलं पाहून मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं. ज्याला काही फरकच पडत नाही, तो एवढी घाई कशाला करेल? पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तर नियमच बदलला. समूह खासगी करायचा किंवा सार्वजनिक समूहावर तो शिक्का लावायचा, तर आता आधी कंपनीची परवानगी लागते.