गुरुत्वीय लहरींवरून विश्वाचं प्रसरण कसं मोजतात?

प्रश्न: हबल स्थिरांक, म्हणजे विश्व किती वेगाने प्रसरतंय तो आकडा (दर मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं अंतरामागे सेकंदाला इतके किमी), एका पद्धतीने ६७ येतो आणि दुसरीने ७३, इथवर कळलं. पण गुरुत्वीय लहरींतून अंतर कसं काय निघतं?

खगोलवेडा: दोन जड ताऱ्यांची जोडी एकमेकांभोवती फिरत जवळ येते तेव्हा अवकाशात जे तरंग उठतात त्याच या लहरी. लहरीची फ्रिक्वेन्सी किती झपाट्याने वाढतेय त्यावरून ती मुळात किती जोरदार असणार हे थेट आइनस्टाइनच्या समीकरणांतून निघतं, मग आपल्यापर्यंत पोचताना किती क्षीण झाली ते बघायचं की अंतर मिळालं, मधे सेफिड तारे (ज्यांच्या कमी-जास्त चमकण्यावरून अंतर कळतं), सुपरनोव्हा (ताऱ्यांचे स्फोट) अशी एकावरून पुढचं अंतर मोजायची शिडी लागतच नाही, हेच मला सगळ्यात भारी वाटतं! कल्पना भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड शुट्झ यांची, १९८६ ची.

ध्रुवतारा: पण प्रसरण काढायला अंतरासोबत दूर जाण्याचा वेगही लागतो, तो लहरीतून नाही मिळत हां, त्यासाठी ती जोडी ज्या दीर्घिकेत आहे ती सापडावी लागते. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) टक्कर पकडली, प्रकाशही दिसला, म्हणून एनजीसी ४९९३ ही दीर्घिका सापडली, तिचा रेडशिफ्ट (दूर जाण्यामुळे प्रकाश लालकडे किती सरकला, त्यावरून वेग कळतो) घेतला आणि उत्तर आलं ७० च्या आसपास.

प्रश्नकर्ता: मग वाद मिटला की!

ध्रुवतारा: नाही ना, एरर मोठी आहे, साधारण ६२ ते ८२. जोडीची कक्षा आपल्याकडे किती कललीय ते नीट कळत नाही, त्यामुळे जवळची तिरकी जोडी आणि लांबची समोरून दिसणारी जोडी जवळपास सारखीच भासते. अशा प्रकाशवाल्या घटना अजून भरपूर हव्यात.